‘तेवढं पेमेंटचं बघा’ इंग्रजीत कसं लिहायचं?

“साहेब, तेवढं पेमेंटचं बघा की.”

शिरोली एमआयडीसीतला एखादा फौंड्रीवाला पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर एवढंच म्हणतो आणि काम होतं. निदान साहेबांना राग तरी येत नाही. ‘तेवढं’ म्हटल्यामुळे रक्कम किरकोळ वाटते, ‘की’मुळे मागणीची विनंती होते, आणि ‘साहेब’ म्हणताना आवाज जरा खाली येतो त्यातून आपले संबंध काय आजचे नाहीत, हेही पोचतं. हाच माणूस जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेल लिहायला बसला की त्याचं बोलणं दोनपैकी एका टोकाला जातं. एक तर ‘यू शुड पे इमिजिएटली’ असा दम निघतो, नाहीतर ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, काइंडली डू द नीडफुल’ अशी शरणागती. पहिली मेल वाचून समोरचा दुखावतो. दुसरी वाचून आपण नेमकं काय करायचं तेच त्याला कळत नाही.

यावर सगळे एकच निदान करतात: इंग्रजी कच्चं आहे, क्लास लावा. मला ते निदान अपुरं वाटतं. व्याकरणात एक चूक न करणारे इंजिनिअरही असल्या मेल लिहितात, आणि मोडक्या इंग्रजीत अचूक काम साधणारे व्यापारीही गूळ मार्केटपासून हुपरीच्या चांदीपर्यंत भेटतात. धंद्याच्या इंग्रजीचे स्वतःचे काही नियम आहेत. ते व्याकरणाच्या पुस्तकात नसतात आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाठ केलेल्या पत्रांच्या नमुन्यांत तर नसतातच.

आदर कुठे ठेवायचा?

मराठीत आदर ठेवायला जागा भरपूर. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. क्रियापदाला ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावा’ अशी रूपं आहेत. शिवाय ‘जरा’, ‘तेवढं’, ‘की’, ‘हो’, ‘ना’ ही लहानसहान मंडळी आहेतच. इंग्रजीत समोरचा मुलगा असो की मुख्यमंत्री, शब्द एकच: ‘यू’. मग आदर दाखवायचा कसा? इंग्रजीने ते काम प्रामुख्याने सहायक क्रियापदांवर सोपवलं. ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ सौम्य, ‘विल यू’पेक्षा ‘वुड यू’ सौम्य. ‘कुड’ आणि ‘वुड’ ही मुळात भूतकाळाची रूपं. विनंती आजची असली तरी भूतकाळाचं रूप वापरलं की ती जरा लांबून आल्यासारखी वाटते आणि समोरच्याला नाही म्हणायला वाव राहतो.

हे आपल्याला परकं नाही. कुणाच्या केबिनमध्ये डोकावून आपण म्हणतो, “साहेब, एक विचारायचं होतं.” विचारायचं आत्ताच असतं, तरी ‘होतं’. युक्ती तीच.

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी सभ्यतेच्या भाषेवर गेल्या शतकाच्या सत्तरीत केलेलं काम अजून या विषयाचा पाया मानलं जातं. त्यांनी इंग्रजीच्या जोडीला मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्याच देशातली तमिळ या भाषा घेतल्या होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं आणि लोकांनी आपल्यावर जबरदस्ती करू नये. प्रत्येक मागणी यातल्या दुसऱ्या गोष्टीला धक्का देते. तो धक्का हलका कसा करायचा, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते.

आपली गाडी घसरते ती इथेच. ‘आपण माल १० तारखेपर्यंत पाठवावा’ हे मराठीत अगदी अदबीचं वाक्य. त्यातल्या ‘वा’साठी शाळेत शिकवलेला इंग्रजी शब्द ‘शुड’. म्हणून आपण लिहितो, ‘यू शुड सेंड द मटेरियल’. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘शुड’मध्ये कर्तव्याची आठवण ऐकू येते, मास्तरांनी कान धरल्यासारखी. लिहिणाऱ्याच्या मनात हात जोडलेले असतात आणि वाचणाऱ्याला बोट उगारलेलं दिसतं. ‘काइंडली’ जोडून हे सावरत नाही. ‘काइंडली पे’ ही आज्ञाच राहते, फक्त तिच्या डोक्यावर टोपी येते.

तिसरा वाचक

आता दुसरं टोक. नम्रतेने ओथंबलेली मेल का फसते?

फोनवर दोघेच असतात. मेलला मात्र नेहमी तिसरा वाचक असतो, आणि तो लिहिताना दिसत नाही. खरेदी अधिकाऱ्याचा साहेब, हिशेबनीस, बँकेतला कारकून, दोन वर्षांनी फाइल उघडणारा ऑडिटर आणि सगळं बिनसलंच तर वकील. या माणसाला तुमचा आवाज माहीत नाही, तुमचे संबंध माहीत नाहीत, आधी फोनवर काय ठरलं तेही माहीत नाही. त्याच्यापुढे फक्त अक्षरं असतात. माझ्या मते धंद्याच्या इंग्रजीचे बहुतेक नियम या तिसऱ्या माणसासाठी आहेत. त्यातला कोरडेपणा, तारखांचा आणि बिल नंबरांचा सोस, तेच तेच ठरावीक शब्द, हे सगळं त्याच्यामुळे.

कायदाही या तिसऱ्याच्या नजरेनेच वाचतो. ‘ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम’ हा खटला २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. ऑस्ट्रेलियातून बॉक्साइटची पाच जहाजं आणायचा व्यवहार ई-मेलवर ठरला होता. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने पाच खेपांचा सौदा पक्का असल्याची मेल. सविस्तर करारावर सह्या व्हायच्या राहून गेल्या आणि पुढे बिनसलं. ‘सहीच नाही तर करार कुठला?’ हा युक्तिवाद टिकला नाही. महत्त्वाच्या अटी मेलवर मान्य झाल्या होत्या, करार झाला, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून ‘ओके, कन्फर्म्ड’ एवढं टाइप करतानाही थांबावं लागतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सातवं कलम सांगतं की होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ‘दर मान्य, फक्त डिलिव्हरी दोन आठवडे उशिरा’ असं लिहिलंत तर तो होकार धरला जात नाही, तुम्ही नवा प्रस्ताव दिलात असं होतं. चेंडू पुन्हा समोरच्याकडे.

उधारीच्या बाबतीत तर एक साधी सौजन्याची ओळ लाखमोलाची ठरते. येणं वसूल करण्यासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. पण ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने आपलं देणं लेखी, सहीनिशी कबूल केलं, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या अठराव्या कलमानुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. ई-मेलवरची कबुलीही चालते, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मानलं. ‘सॉरी फॉर द डिले, विल क्लिअर युवर ड्यूज नेक्स्ट मंथ’ असं भिडेखातर लिहिणाऱ्याला आपण काय करून बसलो याची कल्पना नसते. ज्याचं येणं आहे त्याला असावी.

मग ती मेल लिहायची कशी?

आता सुरुवातीच्या फौंड्रीवाल्याला वाऱ्यावर सोडायला नको. त्याची पहिली मेल चार वाक्यांची पुरे. विषयाच्या ओळीतच बिल नंबर आणि देय तारीख. पहिलं वाक्य वस्तुस्थितीचं: अमुक तारखेचं, अमुक रकमेचं बिल अमुक दिवशी देय होतं आणि आमच्या नोंदीप्रमाणे ते अजून जमा दिसत नाही. ‘आमच्या नोंदीप्रमाणे’, म्हणजे ‘अकॉर्डिंग टू अवर रेकॉर्ड्‌स’, हे शब्द फार कामाचे. चूक आपल्या वहीतही असू शकते, एवढी फट ते ठेवतात आणि समोरच्याचा मान राखतात. दुसरं वाक्य विनंतीचं, त्यात ‘कुड यू’ आणि एकच काम: पैसे कोणत्या तारखेला येतील ते कळवाल का? ‘लवकरात लवकर’ नको. तिसरं वाक्य अडचण विचारणारं: बिलात किंवा मालात काही शंका असेल तर सांगा. हे सौजन्य वाटतं, पण दोन महिन्यांनी ‘मालच खराब होता’ असं उत्तर आलं तर फाइलमध्ये हे वाक्य तुमच्या बाजूने उभं असतं. चौथं वाक्य आभाराचं, तेही लहान.

दुसऱ्या मेलमध्ये पहिलीचा तारखेसह उल्लेख. तिसरीत कायदा. देशातल्या गिऱ्हाइकासाठी सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या हातात २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. करारात काहीही लिहिलं असलं तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. एवढं जबर हत्यार पहिल्याच मेलमध्ये काढलं तर पुढच्या मेलला काही उरत नाही. पायरी-पायरीने आवाज चढवणं हे या भाषेतलं खरं कसब. ते आपल्याला तालमीतून ठाऊक असतं, मेल लिहिताना मात्र आपण पहिल्याच मिनिटाला धोबीपछाड मारायला बघतो.

शब्दांचा टॉलरन्स

ड्रॉइंगवर नुसतं ‘५० मिलिमीटर’ लिहून कुठलाही कारखाना काम घेत नाही. अधिक-उणे किती चालेल, ते लिहावं लागतं. धंद्याच्या इंग्रजीत शब्दांनाही असाच टॉलरन्स असतो. ‘विल’चा टॉलरन्स शून्य: करीनच. ‘एक्स्पेक्ट टू’ म्हणजे होईल असं दिसतं. ‘एम टू’ म्हणजे प्रयत्न त्या दिशेने आहे. ‘मे’ म्हणजे करीनही, नाहीही. मराठीत आपण ‘उद्या माल देतो’ म्हणतो तेव्हा तो ‘उद्या’ किती ताणायचा, हे ऐकणाऱ्याला सवयीने माहीत असतं. कोल्हापुरातला ‘उद्या’ स्टटगार्टला गेला की त्याची सवलत कस्टममध्येच काढून घेतली जाते.

काही शब्दांचा टॉलरन्स तर चक्क छापील आहे. निर्यातीचे पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर मिळतात तेव्हा बँका माल बघत नाहीत, कागद बघतात. ते कसे वाचायचे याचे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केले आहेत. २००७ पासून लागू असलेल्या त्या नियमावलीला यूसीपी ६०० म्हणतात. इचलकरंजीचं कापड असो की कागलच्या फौंड्रीचं कास्टिंग, बँकेच्या टेबलावर अर्थ एकच.

┌──────────
चौकट: बँकेच्या टेबलावर शब्दांचा अर्थ (यूसीपी ६०० नुसार)

‘अबाउट’ किंवा ‘ॲप्रॉक्झिमेटली’: ज्या रकमेला, वजनाला किंवा दराला हा शब्द लावला असेल, त्यात १० टक्के कमी-जास्त चालतं.

‘ऑन ऑर अबाउट’ अमुक तारीख: त्या तारखेच्या ५ दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून.

महिन्याचं ‘बिगिनिंग’, ‘मिडल’, ‘एंड’: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर.

‘फर्स्ट हाफ’, ‘सेकंड हाफ’: १ ते १५, आणि १६ ते महिनाअखेर.

माल चढवण्याच्या मुदतीसाठी ‘टिल’, ‘अन्टिल’, ‘फ्रॉम’: सांगितलेली तारीख धरून. ‘बिफोर’, ‘आफ्टर’: ती तारीख सोडून.

‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’: बँक हे शब्द वाचलेच नाहीत असं धरते.
└──────────

शेवटची ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. आपण मेलमध्ये जे शब्द सगळ्यात जोरात, कधी कधी लाल रंगात लिहितो, त्यांचं वजन जगभरच्या बँकांनी शून्य ठरवलं आहे. कारण उघड आहे: ‘ताबडतोब’ म्हणजे किती, हे तिसऱ्या वाचकाला ठरवता येत नाही. तारीख मात्र कुणालाही वाचता येते.

प्राडाचं पत्र, शब्द न् शब्द

शब्दांच्या या मोजमापाचा अलीकडचा मोठा नमुना कोल्हापूरच्याच दारात आला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने पुरुषांसाठी अंगठ्याच्या सँडल्स दाखवल्या. कोल्हापुरी चप्पल ओळखायला इथल्या कुणाला तज्ज्ञ लागत नाही. गदारोळ झाला, समाजमाध्यमांवर ‘चोरी’ हा शब्द मनसोक्त वापरला गेला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी मात्र प्राडाला पत्र लिहिलं. त्यात मागण्या होत्या: प्रेरणा कुठून घेतली ते जाहीरपणे मान्य करा, कारागिरांबरोबर सहकार्याचा किंवा योग्य मोबदल्याचा विचार करा. राग असतानाही समोरच्याला ‘हो’ म्हणता येईल अशी गोष्ट पुढे ठेवणं, हे व्यावसायिक पत्राचं पहिलं लक्षण. ‘चोर’ म्हटल्यावर समोरच्याकडे वकील गाठण्याखेरीज काही उरत नाही.

उत्तर प्राडाच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाचे प्रमुख लोरेन्झो बर्तेली यांच्याकडून आलं. ‘प्राडाने मान्य केलं’ अशा बातम्या झाल्या. ते खरंच होतं. पण काय मान्य केलं, ते वाक्य सावकाश वाचलं की कळतं.

क्रियापद होतं ‘ॲक्नॉलेज’. म्हणजे ही वस्तुस्थिती आहे हे आम्ही मानतो. त्यात चूक झाल्याची कबुली नाही आणि माफीही नाही. मग सँडल्स ‘इन्स्पायर्ड बाय’, प्रेरित. प्रेरणा घेण्यावर खटला भरणं अवघड, नक्कल करण्यावर सोपं. आणि प्रेरणा कशाची? पारंपरिक, हाताने बनवलेल्या, शतकांचा वारसा असलेल्या भारतीय पादत्राणांची. त्या वाक्यात कोल्हापूर नव्हतं. मला हे विस्मरण वाटत नाही. कोल्हापुरी चप्पल हे २०१९ पासून भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांचं. नाव घेतलं की त्या नोंदणीशी नातं जोडलं जातं. ‘भारतीय पादत्राणं’ म्हटलं की मान दिल्यासारखं होतं आणि बांधून घ्यावं लागत नाही.

पुढे लिहिलं होतं की हे सगळं डिझाइनच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहे, यातलं काही तयार करून विकायचं अजून ठरलेलं नाही. विक्री नाही, म्हणजे नुकसानीचा हिशेबही नाही. शेवटी स्थानिक कारागिरांशी संवाद सुरू करायला आम्ही बांधील आहोत. बांधील, पण संवादाला.

हा धूर्तपणा आहे का? थोडा आहेच. पण त्याच वाक्यांनी दारही उघडं ठेवलं, हेही तितकंच खरं. जुलैमध्ये प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातली जनहित याचिका फेटाळली, कारण याचिका करणारे मानांकनाचे मालक नव्हते. मालक आहेत महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोघांबरोबर सामंजस्य करार केला: दोन्ही राज्यांत २,००० जोड तयार करायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. आणि या संग्रहाच्या नावात ‘कोल्हापुरी चप्पल’ आली. ‘इन्स्पायर्ड बाय’ मात्र जागचं हललं नाही. सहा महिन्यांत ‘भारतीय पादत्राणं’ या सैल शब्दांची जागा एका नेमक्या नावाने घेतली, एवढा टॉलरन्स घासून कमी झाला.

तक्रारीला उत्तर देताना

कास्टिंगच्या धंद्यात सगळ्यात अवघड मेल असते ती रिजेक्शनच्या उत्तराची. समजा, ५०० ब्रॅकेट गेले. गिऱ्हाइकाकडे मशिनिंग करताना १४ नगांत ब्लो होल निघाले, म्हणजे कास्टिंगच्या पोटात हवेच्या पोकळ्या. पहिली प्रतिक्रिया आपली ठरलेली: “आमच्याकडून चेक होऊनच गेला होता.” दुसरी: “नवीन पोरगा होता, त्याला काढून टाकलं.” पहिल्या वाक्यातून तुमची तपासणी कुचकामी आहे एवढंच सिद्ध होतं. दुसऱ्यातून तुमची प्रक्रिया एका पोरावर उभी आहे हे कळतं.

वाहन उद्योगात या उत्तराचा साचाच ठरून गेला आहे. ‘एट डी रिपोर्ट’ हा शब्द शिरोली आणि गोकुळ शिरगावात कुणाला सांगावा लागत नाही. फोर्ड कंपनीने १९८७ च्या सुमारास तो रूढ केला. आठ टप्पे: कोण बघतंय, नेमकं काय झालं, तूर्त काय आवर घातला, मूळ कारण काय, कायमचा उपाय कोणता, तो केला का, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं आणि शेवटी काम करणाऱ्यांचं कौतुक. यातला तिसरा आणि चौथा टप्पा वेगळा ठेवण्यात सगळं शहाणपण आहे. गिऱ्हाइकाला आज रात्रीची काळजी असते. त्याला आधी हवं असतं: संशयित हीट नंबरचा, म्हणजे त्याच ओतकामातला, उरलेला माल अडवला, तुमच्याकडच्या आणि वाटेतल्या नगांचं काय करणार, बदली माल कधी. कारण शोधायला आठवडा मागितलात तरी तो देतो. हे दोन्ही एका परिच्छेदात कालवलं की त्याला वाटतं, हे लोक सबबी सांगताहेत.

कारणाच्या टप्प्यात ‘ह्यूमन एरर’ लिहिलं तर रिपोर्ट परत येतो. पाच वेळा ‘का’ विचारा, असं टोयोटाच्या कारखान्यात शिकवलं गेलं आणि ते सगळीकडे पसरलं. ब्लो होल का? वायू बाहेर पडला नाही. का? सँडमध्ये ओलावा जास्त होता. का? पावसाळ्यात ओलाव्याची तपासणी पाळीत एकदाच होत होती. का? कंट्रोल प्लॅनमध्ये तेवढीच लिहिली होती. इथे पोचलं की माणूस बाजूला होतो आणि दुरुस्त करता येईल अशी गोष्ट हाती लागते. इंग्रजीतलं कर्मणी वाक्य, ‘मॉइश्चर वॉज नॉट चेक्ड’, बदनाम आहे, कर्ता लपवतं म्हणून. इथे ते योग्यच. कुणी तपासलं नाही, हा प्रश्न गिऱ्हाइकाचा नाहीच. पण पुढच्या वाक्यात, उपाय सांगताना, कर्ता पुन्हा आणावा लागतो: ‘वी नाऊ चेक इट एव्हरी टू अवर्स’. दोष कर्त्याविना आणि जबाबदारी कर्त्यासह. या अदलाबदलीवरून अनुभवी लिहिणारा लगेच ओळखू येतो.

आपलं देशी इंग्रजी

‘डू द नीडफुल’ला सगळे हसतात. मी हसत नाही. हे ब्रिटिश कारकुनी इंग्रजी आहे. तिकडे मागे पडलं, इथे टिकलं. देशातल्या देशात त्याने काही अडत नाही. परदेशी वाचकाला मात्र ‘जे काय लागेल ते’ म्हणजे काय, ते सांगावं लागतं.

खरा धोका ‘रिव्हर्ट’चा. आपण तो ‘उत्तर देणे’ या अर्थाने वापरतो. अमेरिकन माणसाला त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला परत जाणे’ एवढाच माहीत असतो. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन ड्रॉइंग रिव्हिजन सी’ वाचून एखाद्याने ‘सी’ रद्द करून ‘बी’ ड्रॉइंग पुन्हा पाठवलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पॅटर्न एकदा चुकीच्या ड्रॉइंगवर कापला गेला की तो शब्द किती महाग पडला ते कळतं. तसंच ०५-०६-२०२६ हे. आपला पाच जून म्हणजे अमेरिकेत सहा मे. महिना अक्षरात लिहिला की भांडणच मिटतं. आणि ‘लाख’ परदेशी बिलावर नको. स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही त्यांच्या पद्धतीने.

आता मेल यंत्र लिहितं

हल्ली बरेच जण मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत मजकूर टाकतात आणि एआयकडून सफाईदार मेल करून घेतात. ‘शुड’चा ‘कुड’ तो बरोबर करतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फुकटात मिळणाऱ्या वाक्यांबद्दल. ब्लो होलच्या तक्रारीवर उत्तर मागितलं की त्यात हमखास दोन ओळी येतात: झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत, आणि असं पुन्हा कधीही होणार नाही याची खात्री देतो. वाचायला गोड वाटतात. पण पहिली ओळ मूळ कारण सापडण्याच्या आधीच दोष पदरात घेते. ब्लो होल नेमके कशामुळे आले, हे अजून ठरायचं असतं. दुसरी तर शून्य रिजेक्शनची लेखी हमी आहे. अशी हमी कोल्हापुरातला एकही जुना मिस्त्री तोंडीसुद्धा देणार नाही. पाठवण्याआधी त्या दोन्ही ओळी काढा आणि त्या जागी हीट नंबर, अडवलेल्या नगांची संख्या आणि बदली माल निघण्याची तारीख लिहा.